पंधरा हजार सह्या : मिशिगनच्या रिपब्लिकन पक्षाने २०२२ चं गव्हर्नरपद कसं घालवलं

वुडवर्डकर

एप्रिल २०२२. आमच्या गावच्या लायब्ररीबाहेर एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन उभा होता. वारा असा की कागद एका हाताने दाबून धरावे लागत होते. त्याच्याकडे तीन गठ्ठे होते : एक गव्हर्नरच्या उमेदवाराचा, एक कुठल्याशा न्यायाधीशाचा आणि एक कसल्यातरी ठरावाचा. गव्हर्नरचा उमेदवार कोण, हे मी विचारलं तर त्याला पान सरळ करून नाव वाचावं लागलं. त्या उमेदवाराबद्दल तो एक वाक्यही बोलू शकला नाही. पाय गारठले होते त्याचे, मला वाईट वाटलं आणि मी सही केली. सही खरी, पत्ता खरा, तारीख खरी.

ज्याला सही दिली त्याचं नाव पुढे मतपत्रिकेवर आलंच नाही. माझी एक खरी सही हजारो खोट्या सह्यांच्या ढिगात गेली. ती गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. थेट लोकांनी निवडलेला, चार वर्षांसाठी राज्य चालवणारा, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. मिशिगनमध्ये गव्हर्नरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, उतरायचं तर नोंदणीकृत मतदारांच्या किमान १५,००० वैध सह्या लागतात. ३०,००० पर्यंत देता येतात, म्हणजे हातचं राखायलाही मुभा आहे. सुमारे ८० लाख मतदारांच्या राज्यात हे काही डोंगर उचलणं नाही.

२०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून दहा जणांनी अर्ज भरले. पाच जण याच पायरीवर गळाले. त्यात सगळ्यांत पुढे समजले जाणारे जेम्स क्रेग होते. डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख, कृष्णवर्णीय, शहरात नाव असलेला माणूस. डेट्रॉईटमध्ये दहा मतं जास्त मिळवू शकेल असा उमेदवार या पक्षाला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. दुसरे पेरी जॉन्सन, स्वतःचे लाखो डॉलर ओतणारे उद्योजक. क्रेग यांनी २१ हजारांवर सह्या दिल्या, त्यातल्या दहा हजारांच्या आसपास वैध ठरल्या. जॉन्सन यांनी २३ हजार दिल्या, उरल्या १३,८००.

राज्याच्या निवडणूक विभागाने मे महिन्यात अहवाल दिला. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी बनावट कागद भरले होते. दहा उमेदवारांच्या गठ्ठ्यांत मिळून किमान ६८,००० सह्या बाद. या धंद्यात 'राउंड-टेबलिंग' असा शब्दच आहे : चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, मतदारयादी समोर ठेवतात आणि कागद फिरवत आळीपाळीने सह्या ठोकतात, म्हणजे अक्षर वेगवेगळं दिसावं. मेलेल्या माणसांच्याही सह्या निघाल्या. २६ मे रोजी कॅनव्हासर्स बोर्डात, म्हणजे उमेदवारी आणि निकालांवर शिक्का मारणाऱ्या राज्याच्या मंडळात, दोन विरुद्ध दोन मतं पडली. बोर्डावर दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य असतात आणि नाव मतपत्रिकेवर जायला तीन मतं लागतात. बरोबरी झाली, म्हणजे नाव गेलं. जूनच्या सुरुवातीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हात वर केले.

आता माझा मुद्दा. त्या दिवसापासून आजपर्यंत चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते : शेवटी रिपब्लिकन पक्षाकडून लढलेल्या ट्युडर डिक्सन चांगल्या उमेदवार होत्या की वाईट? मला हा प्रश्नच उशिराचा वाटतो. डिक्सन यांना पक्षाने निवडलं नव्हतं, त्या उरल्या होत्या. आणि बाकीचे का गळाले याचं उत्तर दीड-दोन वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये बायडन यांनी मिशिगन साधारण १,५४,००० मतांनी जिंकलं. याच कॅनव्हासर्स बोर्डावरच्या एका तरुण रिपब्लिकन सदस्याने, ॲरन व्हॅन लँगेवेल्ड यांनी, कायदा सांगतो तसं निकालावर शिक्कामोर्तब केलं. जानेवारीत मुदत संपली तेव्हा पक्षाने त्यांचं नाव पुन्हा सुचवलं नाही. जून २०२१ मध्ये राज्याच्या सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताच्याच समितीने, एड मॅकब्रूम यांच्या नेतृत्वाखाली, चौकशी करून लिहिलं की व्यापक गैरप्रकाराचा पुरावा नाही. मॅकब्रूम हे उत्तरेकडच्या भागातले दूधउत्पादक शेतकरी आणि पक्के परंपरावादी. तरी स्वपक्षीयांनीच त्यांना फैलावर घेतलं. पक्षाची दोन वर्षं, बैठका, देणगीदार, कार्यकर्त्यांचा घाम, सगळं २०२० च्या निकालात अडकलं. निवडणुकीतल्या घोटाळ्यावर रोज बोलणाऱ्या पक्षात स्वतःच्या उमेदवारांच्या कागदांवरच्या खोट्या सह्या वेळेत ओळखायला कोणी बसलेलं नव्हतं. मला याचा राग येतो आणि खरं सांगतो, दुःखही होतं.

कारण २०२२ हे वर्ष त्यांच्यासाठी मोकळं मैदान होतं. बायडन यांच्या कारकिर्दीच्या मध्यावरची निवडणूक, जिथे अध्यक्षांच्या पक्षाला सहसा फटका बसतो. जूनमध्ये महागाई ९.१ टक्के, चाळीस वर्षांतली सर्वाधिक. पेट्रोल गॅलनला ५ डॉलरच्या वर. डेमोक्रॅटिक गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्यावर लॉकडाऊनचा राग होता. त्यांच्या आणीबाणीच्या आदेशांचा पायाच ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला होता. शाळा बंद राहिल्याने आई-बाप वैतागलेले होते. आमच्या मराठी घरांतही हा विषय दर शनिवारी निघायचा.

आणि निकाल? व्हिटमर ५४.५ टक्के, डिक्सन ४३.९. अंतर साधारण ४ लाख ७० हजार मतांचं. विधिमंडळाची दोन्ही सभागृहंही गेली. गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे, हे जवळपास चाळीस वर्षांनी घडलं.

मी दोन्ही पक्षांना मतं दिलेली आहेत, पुढेही देईन. पण मतपत्रिकेवर दोन धड पर्याय असावेत एवढी माझी अपेक्षा आहे. नागरिकत्वाची शपथ घेतली ती त्यासाठीच. तुम्हाला काय वाटतं?

---

पर्वतीवरून

उत्तम माहिती. एक बाळबोध शंका : पक्ष सरळ तिकीट का देत नाही? आपल्याकडे एबी फॉर्म दिला की विषय संपला.

---

वुडवर्डकर

शंका बाळबोध नाही, मर्मावरच बोट ठेवलंत. मिशिगनमध्ये गव्हर्नरचा उमेदवार प्रायमरीत मतदार ठरवतात, पक्षाला तिकीट वाटता येत नाही. पण पक्षाच्या हातात काहीच नसतं असंही नाही. उमेदवार हेरणं, आठ जणांऐवजी तिघांनी उतरावं म्हणून मनधरणी करणं, सह्या, हिशोब आणि वकील यांची घडी नीट बसली आहे ना ते पाहणं, देणगीदारांशी गाठ घालून देणं. हे सगळं पक्षाचं काम.

आणि जिथे पक्षाला खरोखर निवडायचा अधिकार आहे तिथे काय झालं तेही बघा. ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य वकील) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुकांचं काम पाहणारं पद) यांचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. एप्रिल २०२२ मध्ये ग्रँड रॅपिड्सला अधिवेशन भरलं. (आपल्यापैकी अनेकांना हे गाव २०१७ च्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनामुळे माहीत असेल.) तिथे या पदांसाठी अनुक्रमे मॅथ्यू डिपर्नो आणि क्रिस्टिना करामो यांना पाठिंबा मिळाला. दोघांची ओळख एकच : २०२० चा निकाल खोटा होता हे ठासून सांगणं. नोव्हेंबरमध्ये डिपर्नो साधारण ९ टक्क्यांनी हरले, करामो १४ टक्क्यांनी. म्हणजे प्रायमरीला दोष देऊन पक्षाला सुटता येत नाही.

याउलट व्हर्जिनिया. तिथल्या रिपब्लिकन पक्षाने २०२१ मध्ये प्रायमरी टाळून ३९ ठिकाणी मतदान ठेवलं आणि पसंतीक्रमाने मतं घेतली. आक्रस्ताळी उमेदवार मागे पडले, ग्लेन यंगकिन पुढे आले आणि बायडन यांनी दहा टक्क्यांनी जिंकलेल्या राज्यात वर्षभराने गव्हर्नर झाले. तोच पक्ष, तीच हवा. फरक होता तो पक्षाने डोकं लावण्यात.

---

ग्रँड_रिव्हर_काका

मी या राज्यात १९८९ पासून आहे आणि रिपब्लिकन मतदार आहे, आधीच सांगून टाकतो. आमच्या पक्षाच्या जॉन एंग्लर यांनी १९९० मध्ये विद्यमान गव्हर्नर ब्लँचर्ड यांना जेमतेम साडेसतरा हजार मतांनी हरवलं ती रात्र मी पाहिली आहे. या राज्यात आम्ही निवडणुका कशा जिंकायच्या हे विसरलो, याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

पण डिक्सनबाईंवर अन्याय होऊ नये. चार मुलींची आई, कर्करोगातून बरी झालेली, वडिलांच्या ओतकामाच्या कारखान्याच्या धंद्यात काम केलेली. याआधी कधी निवडणूक लढवलेली नाही. २ ऑगस्टला प्रायमरी जिंकली तेव्हा तिजोरी रिकामी होती. ट्रम्प यांचा पाठिंबा आला तो चार-पाच दिवस आधी, २९ जुलैला. प्रायमरी संपली त्या दिवसापासून डेमोक्रॅटिक बाजूच्या जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या आणि आमच्याकडून कित्येक आठवडे उत्तरच नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये लोकांच्या मनात तिचं जे चित्र बसलं ते विरोधकांनी काढलेलं. ऑक्टोबरच्या दोन्ही वादसभांत ती चांगली बोलली. रॉचेस्टरच्या ओकलंड युनिव्हर्सिटीतली दुसरी वादसभा मी पूर्ण पाहिली. शाळांच्या मुद्द्यावर व्हिटमर यांना घाम फुटला होता. पण तोपर्यंत पोस्टाने मतं गेलेली होती.

आणि तुमच्या सिद्धांताला एक आकडा आडवा येतो. २०१८ मध्ये बिल शुएट आमचे उमेदवार होते. माजी खासदार, न्यायाधीश, ॲटर्नी जनरल, सगळी पदं भूषवलेला माणूस. त्यांना ४३.७ टक्के मिळाले. कधी पद न पाहिलेल्या डिक्सनबाईंना ४३.९. मग उमेदवाराने काय फरक पडला?

---

वुडवर्डकर

काका, हा आकडा मला माहीत होता आणि मी तो मुख्य लेखात टाळला, ही चूकच. धन्यवाद.

पण दोन्ही वर्षांची हवा बघा. २०१८ ही ट्रम्प यांच्या कारकिर्दीची मध्यावधी, देशभर रिपब्लिकन पडत होते. वर फ्लिंट शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिसं उतरल्याचा कलंक. मावळते रिपब्लिकन गव्हर्नर स्नायडर यांनी शुएट यांना पाठिंबाही दिला नाही. एवढं अंगावर घेऊन ४३.७. २०२२ मध्ये वारा पाठीमागून होता, तरी ४३.९. वाऱ्याची दिशा बदलूनही होडी तिथल्या तिथे राहिली, तर होडीतच पाणी शिरलंय असं मी म्हणेन. मॅकोम काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) उदाहरण घ्या. ट्रम्प यांनी २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा जिंकलेली ही काउंटी २०२२ मध्ये व्हिटमर यांनी घेतली. मोटार कारखान्यांतले कामगार आहेत हे. ते अचानक डाव्या विचारांचे झाले नव्हते.

डिक्सन यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण पैसा का आला नाही, हाच तर प्रश्न आहे. जूनपर्यंत कोण मैदानात आहे हेच कोणाला ठाऊक नसेल तर देणगीदार चेक कोणाच्या नावाने लिहिणार? त्यात ९ जूनला उरलेल्या पाचपैकी रायन केली यांना एफबीआयने ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्याच्या प्रकरणात अटक केली. आणखी एक गोष्ट बोलायला हवी : क्रेग यांच्या सह्यांना आव्हान देणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी राज्याध्यक्ष होते, तसाच डिक्सन यांना पाठिंबा देणारा एक गटही होता. आव्हान रास्त होतं, सह्या खोट्याच होत्या. पण कोणाला कोणाशी बोलून काही सोडवता आलं नाही. घरात वडीलधारं कोणी नव्हतं.

---

अनघा_कॅन्टन

मी दुसऱ्या बाजूने त्या वर्षी काम केलं, म्हणून लिहिते.

वुडवर्डकरदादा, तुमच्या लेखात एक मोठी गोष्ट राहिली : प्रपोजल ३. २४ जून २०२२ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा रो निकाल रद्द केला आणि मिशिगनमधला १९३१ चा गर्भपातबंदीचा कायदा पुन्हा जिवंत होण्याची भीती उभी राहिली. १९३१! माझ्या आजीच्या जन्माच्याही आधीचा. गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्यासाठी सह्या गोळा करायच्या होत्या. लागत होत्या सव्वाचार लाख. जुलैमध्ये जमा केल्या ७,५३,७५९. राज्याच्या इतिहासात एवढ्या कधी झाल्या नव्हत्या.

मी स्वतः ४११ गोळा केल्या. फार्मर्स मार्केटला, सॉकरच्या मैदानावर, एकदा तर आमच्या गणपतीच्या तयारीच्या बैठकीनंतर पार्किंगमध्ये. प्रत्येक कागद घरी नेऊन तपासायचा, तारीख राहिली का, गावाचं नाव चुकलं का. एक खाडाखोड दिसली तर आमची समन्वयक बाई ती ओळ स्वतः रेघ मारून बाद करायची. त्यामुळे "पंधरा हजार सह्या" वाचून मला खरंच कळेना की हे कसं जमलं नाही. मनापासून सही मागणारा माणूस लागतो, दादा. तुमच्या लायब्ररीबाहेरच्या मुलाला नाव वाचावं लागलं ना, तिथेच ते कळलं.

त्यातही याच बोर्डाने ३१ ऑगस्टला आमच्या ठरावावर दोन-दोन केलं होतं. का, तर छापील मजकुरात शब्दांमधली जागा कमी होती म्हणे. त्या रात्री मी झोपले नाही. आठवड्याभरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठराव मतपत्रिकेवर घ्यायला लावला आणि ५६.७ टक्क्यांनी तो मंजूर झाला.

डिक्सन यांची भूमिका होती की बलात्कारातूनही गर्भपाताला सूट नाही, फक्त आईच्या जिवाला धोका असेल तरच. सप्टेंबरमध्ये त्या सांगू लागल्या की ठरावाला हो म्हणूनही मला मत देता येतं. पण तोपर्यंत बायकांनी त्यांचं उन्हाळ्यातलं बोलणं ऐकलेलं होतं. मला वाटतं निवडणूक तिथे फिरली, सह्यांवर नाही.

---

वुडवर्डकर

अनघाताई, पटलं. प्रपोजल ३ वर मी स्वतंत्र परिच्छेद लिहायला हवा होता. पण तुमच्याच म्हणण्याला जोडून : प्रायमरीत खरी चुरस झाली असती, पैशाची आणि अनुभवाची माणसं टिकली असती, तर निदान या विषयावर उमेदवाराची परीक्षा आधी झाली असती. नोव्हेंबरमध्ये कोणासमोर उभं राहायचं आहे याचा विचार ऑगस्टच्या आधी करायला लावणारं कोणी नव्हतं.

---

मिरजकर

थोडं बाजूला जातो. मिशिगनच्या गव्हर्नरपदाचा विषय निघाला की मला २०१८ आठवतं. आपले बेळगावचे श्री ठाणेदार तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते. स्वतःचे १ कोटी डॉलरच्या वर घातले. सुरुवातीला जाहिरातींच्या जोरावर नाव गाजलं, आमच्या मिरजेतही वर्तमानपत्रं कापून ठेवणारे लोक होते. निकालात व्हिटमर ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद ३०, ठाणेदार १७-१८ टक्क्यांवर तिसरे.

सांगायचं ते हे की पैसेवाला बाहेरचा माणूस त्या पक्षातही आला होता. पण तिथे समोर चौदा वर्षं विधिमंडळात काढलेली, संघटनेत मुरलेली बाई होती. लढत झाली, पक्ष शाबूत राहिला. ठाणेदारांनीही पराभव पचवला. २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधीगृहात आणि २०२२ मध्ये, म्हणजे तुमच्या याच निवडणुकीत, डेट्रॉईटमधून काँग्रेसवर निवडून गेले. खमकी प्रायमरी हरणाऱ्यालाही घडवते.

---

गोदाकाठ

एबी फॉर्मचा उल्लेख आला म्हणून लिहितो. पक्षाकडे तिकीट असलं की सगळं सुरळीत होतं हा समज नाशिककरांनी सोडावा. जानेवारी २०२३, आमचा पदवीधर मतदारसंघ. काँग्रेसने डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी जाहीर केली. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी अर्जच भरला नाही, मुलगा सत्यजीत तांबे यांनी अपक्ष म्हणून भरला आणि जिंकला. पक्षाने दिलेले एबी फॉर्म चुकीचे होते की काय यावर नंतर जाहीर वाद. ज्या मतदारसंघात पक्षाचा जम होता तिथे मतपत्रिकेवर पक्षाचा माणूसच नाही. मी तिथला नोंदणीकृत पदवीधर मतदार आहे आणि त्या दिवशी मला फसवल्यासारखं वाटलं होतं. तुमच्या लायब्ररीच्या किश्शाशी म्हणून लगेच नातं जुळलं.

---

पर्वतीवरून

गोदाकाठ, पण तिथे कारस्थान होतं असं म्हणतात, इथे तर निव्वळ हलगर्जीपणा दिसतोय.

---

गोदाकाठ

मतदाराच्या हातात जे पडलं ते सारखंच.

---

लान्सिंग_सीमा

विधिमंडळ गेलं त्याचं खापर पूर्ण गव्हर्नरच्या उमेदवारावर फोडू नका. २०१८ मध्ये लोकांनी मतदारसंघ आखण्याचं काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. २०२२ ही त्या नव्या नकाशांवरची पहिली निवडणूक. हाऊस ५६-५४, सिनेट २०-१८ असं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. इतक्या काठावरच्या निकालात नकाशाचा वाटा मोठा आहे. मात्र काठावर असतानाच वरच्या उमेदवाराचं ओझं जाणवतं, हेही खरं.

---

ग्रँड_रिव्हर_काका

सीमाताईंचं बरोबर. आणि आमच्या ग्रँड रॅपिड्सचीही एक गोष्ट याच २ ऑगस्टची. पीटर मायर आमचे खासदार होते, पहिल्याच टर्ममध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं म्हणून प्रायमरीत पडले. जिंकलेले जॉन गिब्ज नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी शोल्टन यांच्याकडून हरले. जी जागा आम्ही वर्षानुवर्षं राखली ती गेली. अनघाताई, तुमच्या पक्षाने त्या प्रायमरीत गिब्ज यांचं नाव चमकावणारी जाहिरात चालवली होती, हेही लिहून ठेवतो.

---

अनघा_कॅन्टन

हो काका, चालवली होती आणि मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. महाभियोगाला मत देणारा माणूस पाडायला आमचे पैसे वापरले गेले. मी त्या वर्षी राष्ट्रीय समितीला देणगी दिली नाही, ती राज्यातल्या उमेदवारांना दिली.

---

वुडवर्डकर

निवडणुकीनंतरचं लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

निकालानंतर दोन दिवसांत पक्षाच्या मुख्य कार्यालयातून एक टिपण बाहेर आलं. त्यात पराभवाचं कारण उमेदवार, पैशाचा तुटवडा आणि मुद्द्यांची चुकलेली निवड. महागाई आणि पेट्रोलपेक्षा ट्रान्सजेंडर खेळाडूंवर जास्त जाहिराती झाल्या, असाही सूर होता. डिक्सन यांनी लगेच जाहीर उत्तर दिलं की पक्षनेतृत्व स्वतःची जबाबदारी घेत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण सह्या, खोटे कागद, वेळेत न केलेली तपासणी, याबद्दल पक्षात कोणी बसून "आपलं काय चुकलं" असं विचारल्याचं मी पाहिलं नाही. २०२३ मध्ये सह्या गोळा करून देण्याचा धंदा चालवणाऱ्या तिघांवर ॲटर्नी जनरलनी गुन्हे दाखल केले. ती पोलिसी बाजू झाली, पक्षाची नव्हे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पक्षाने नवा राज्याध्यक्ष निवडला. कोण? चौदा टक्क्यांनी हरलेल्या आणि तो पराभव कधी मान्य न केलेल्या करामो. वर्षभरात पक्ष कर्जात रुतला, मोठे देणगीदार लांब गेले, बैठकीत मारामारीपर्यंत वेळ आली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना हटवण्यासाठी मतदान, मग दोन-दोन अध्यक्ष, मग कोर्ट, आणि शेवटी पीट हुक्स्ट्रा यांच्याकडे सूत्रं. एका राज्यस्तरीय पक्षाचा अध्यक्ष कोण हे न्यायाधीशाने सांगावं लागलं.

---

ट्रॉय_०७

सगळं मान्य, पण २०२४ मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन ८० हजार मतांनी जिंकलं, राज्याचं हाऊसही रिपब्लिकनांनी परत घेतलं. मग संघटना मोडकी असूनही काय बिघडलं?

---

ग्रँड_रिव्हर_काका

बिघडलं ते सांगतो. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर आमचे देशाच्या सिनेटचे उमेदवार माइक रॉजर्स फक्त १९ हजारांनी हरले. ट्रम्प यांना मत देणारा हजारो लोकांचा जथ्था खालच्या ओळीपर्यंत आलाच नाही. त्या लोकांच्या दारापर्यंत जाऊन "पुढचंही पान भरा" सांगणारा माणूस म्हणजे काउंटीची संघटना. १९ हजार म्हणजे काउंटीमागे सव्वादोनशे मतं. आमच्या राज्यात ८३ काउंट्या आहेत, भागाकार करून बघा. ट्रम्प मतपत्रिकेवर नसतील तेव्हा काय, ही माझी काळजी आहे. गव्हर्नरची निवडणूक नेमकी त्याच वर्षांत येते.

---

ट्रॉय_०७

हा भागाकार डोक्यात बसला, काका. मी ३४ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी नागरिक झालो, मत देण्यापलीकडे काही केलेलं नाही. पक्ष कुठला ते अजून पक्कं नाही. पण आत शिरून काही करायचं तर सुरुवात कुठून करतात? देणगी द्यायची तर तेवढी ऐपत नाही.

---

वुडवर्डकर

देणगी लागत नाही. प्रिसिंक्ट डेलिगेट हे सगळ्यात खालचं पद आहे. तुमच्या मतदान केंद्रापुरतं. सम वर्षांच्या ऑगस्ट प्रायमरीत त्याची निवडणूक होते. फी नाही, सह्याही नाहीत. काउंटी क्लर्ककडे ओळखीचं प्रतिज्ञापत्र भरून द्यायचं, मे महिन्यात मुदत असते. हेच डेलिगेट काउंटी अधिवेशनात जातात, तिथून राज्य अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडले जातात आणि तेच पुढे ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेटचे उमेदवार आणि पक्षाचा अध्यक्ष ठरवतात. करामो याच साखळीतून आल्या.

कित्येक प्रिसिंक्टमध्ये अर्जच येत नाहीत, जागा रिकाम्या राहतात. दोन्ही पक्षांत.

---

अनघा_कॅन्टन

फॉर्मवर नाव मतदारयादीत जसं आहे तसंच लिहा, वडिलांचं नाव मधे घालू नका. आणि नोटरीसमोर सही करा, घरून करून नेऊ नका. माझी पहिल्यांदा एक फेरी वाया गेली होती.

---

ग्रँड_रिव्हर_काका

कुठलाही पक्ष घे, बाळ. आमच्याकडे आलास तर मी तुझ्याबरोबर क्लर्कच्या ऑफिसपर्यंत येईन. तासाभराचा रस्ता आहे, सकाळी लवकर निघू.